किल्ली शेजारच्या काकूंकडे

मैत्रिणींनो, आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या बायकांची सुट्टी दोनच प्रकारची असते. एक तर पाहुणे आपल्याकडे येतात, नाहीतर आपण पाहुण्या म्हणून जातो. पहिल्या प्रकारात पोळ्यांचा आकडा वीसवरून पन्नासवर जातो. दुसऱ्या प्रकारात आपण पुण्याच्या दिरांकडे नाहीतर मुंबईच्या नणंदेकडे उतरतो. ‘वहिनी, तुम्ही बसा हो’ असं त्या कितीही म्हणाल्या तरी बसवत नाही. मीठ कुठे, साखरेचा डबा कुठला, हे विचारत परक्या ओट्यावर कणीक मळण्यात दिवस जातो. तिसरा प्रकार हॉटेलचा. चौघांना दोन खोल्या, दोन्ही वेळचं बाहेरचं जेवण, त्यातून घरात एक मधुमेही माणूस. तीन दिवसांत पैसे संपतात आणि पोटंही बिघडतात.

आम्ही २०२३ च्या नोव्हेंबरात चौथा प्रकार करून पाहिला. आमचा वाईचा वाडा बारा दिवसांसाठी बडोद्याच्या एका कुटुंबाला राहायला दिला आणि तेच बारा दिवस त्यांच्या घरात आम्ही राहिलो. त्यांनी आम्हाला पैसे दिले नाहीत, आम्ही त्यांना दिले नाहीत. घराच्या बदल्यात घर.

आमच्या महिला मंडळात हे सांगितलं तेव्हा पाच मिनिटं कुणाला काही बोलायलाच सुचेना. मग एकदम सुरू झालं. ‘अगं, दागिने कुठे ठेवलेस?’ ‘परक्या बाईने तुझं कपाट उघडलं म्हणजे?’ ‘ते निघालेच नाहीत तर?’ एक जण तर म्हणाली, ‘तुझ्या सासूबाईंनी हे कसं चालू दिलं?’ खरा प्रश्न तोच होता. त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

ही अदलाबदल काही आम्ही शोधून काढलेली नाही. युरोपात १९५३ मध्ये काही शाळामास्तरांनी एकत्र येऊन तिची पद्धतशीर सुरुवात केली, ती ‘इंटरव्हॅक’ नावाची संस्था आजही आहे. मास्तरांना सुट्टी भरपूर आणि पगार बेताचा. परगावी जायचं तर राहण्याचाच खर्च मोठा. तेव्हा तू माझ्याकडे राहा, मी तुझ्याकडे राहतो. म्हणजे हा मुळात श्रीमंतांचा शौक नव्हे, आपल्यासारख्यांचीच युक्ती आहे. २००६ च्या ‘द हॉलिडे’ या इंग्रजी सिनेमात दोन बायका अशीच घरं बदलतात, तेव्हापासून पुष्कळांना ती माहीत झाली. आता इंटरनेटवर अशी घरं जुळवून देणाऱ्या कंपन्या आहेत. दोघांच्या तारखा एकच असायला हव्यात असंही नाही. आज तुम्ही कुणाला ठेवून घेतलंत की तुमच्या नावावर गुण जमतात, ते पुढे तिसऱ्याच गावी वापरता येतात. आम्ही मात्र यातलं काही केलं नाही. माझी एक कॉलेजातली मैत्रीण लग्नानंतर बडोद्याला असते, तिच्या ओळखीतून हे जुळलं.

बडोदंच का, तर ते माझ्या सासूबाईंचं माहेर.

सासूबाई १९६४ मध्ये, विसाव्या वर्षी, लग्न होऊन वाईला आल्या. गायकवाडांच्या राजवटीपासून बडोद्यात मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांतलंच त्यांचं माहेर. वडील शाळेत शिक्षक. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनासुद्धा. त्यामुळे सासूबाईंची आई त्या काळात शाळेत गेलेली आणि रोज वर्तमानपत्र वाचणारी होती. ‘आमच्या आईला अग्रलेख लागायचा,’ हे वाक्य मी लग्नापासून इतक्या वेळा ऐकलंय की आता तेही मला आमच्याच घरातलं वाटतं. पुढे आई-वडील गेले, मग एकुलता भाऊ गेला, भाचे परदेशी गेले, घर विकलं गेलं. त्यानंतर सासूबाई बडोद्याला गेल्या नाहीत. आम्ही दोनदा म्हटलं, चला, हॉटेलात राहू. त्यांचं उत्तर ठरलेलं. ‘माहेरी जाऊन लॉजात उतरू?’

यावर बोलायला आमच्याकडे काही नव्हतं. बाईचं माहेर भावाच्या दारापुरतं असतं. ते दार बंद झालं की जिथे जन्म गेला त्या गावात तिला पाठ टेकायलाही जागा उरत नाही. तुमच्यापैकी पन्नाशी-साठी ओलांडलेल्या किती जणींची हीच गोष्ट असेल!

आता वाड्याविषयी. वाईत पेशवाईतले मोठे वाडे आहेत, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, त्यांच्यापुढे आमचा म्हणजे पोर. जुन्या हिशेबाच्या वहीवरून तो १८९० च्या सुमाराचा. दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, सागवानी खांब, वर कौलं. पुढे दिंडी दरवाजा, आत फरसबंद चौक, चौकात तुळशीवृंदावन, मग ओसरी, माजघर, देवघर, मागे परसात आड. कृष्णेचा घाट चार मिनिटांवर. ऐकायला फार सुंदर. दर मे महिन्यात कौलं चाळून घ्यावी लागतात, कारण वर्षभर माकडं त्यांच्यावर शर्यती लावतात. सासऱ्यांच्या वेळी एका गवंड्याने माजघराच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत ओल शोषते आणि हळूहळू बाहेर सोडते. सिमेंटने तिचं तोंडच बंद केलं. ओल आतल्या आत वर चढत गेली आणि पोपडे पडू लागले. ते सगळं खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करून घेतला, त्याचं बिल सांगितलं तर तुम्ही फ्लॅटच घ्याल.

वाड्याचे हिस्सेदार तीन भाऊ. राहतो आम्ही एकटे. गेली सात-आठ वर्षं पुण्याचे धाकटे दीर विकायचं म्हणताहेत. बिल्डर दोनदा येऊन चौक मोजून गेला. दिरांचंही अगदीच चूक नाही. त्यांना दोन मुलींची शिक्षणं करायची आहेत आणि त्यांच्या वाट्याची भिंत काही त्यांना व्याज देत नाही. त्यामुळे अदलाबदलीचं निघालं तेव्हा त्यांचा पहिला फोन आला तो हाच, की घर सगळ्यांचं आहे, परक्याला देण्याआधी विचारायला नको का? आम्ही विचारलंच होतं, पण आमच्या ह्यांनी तेवढ्यावर न थांबता दोन्ही भावांची सही असलेला कागद करून घेतला. तुमचंही घर सामाईक असेल तर हे आधी करा. तोंडी होकार दिवाळीला दिलेला संक्रांतीला आठवत नाही.

‘ते निघालेच नाहीत तर’ ही भीतीही मनात होतीच. आपल्याकडे भाडेकरूंच्या कहाण्या काय कमी आहेत! ओळखीच्या वकिलांना विचारून एक साधं पत्र केलं. या तारखेपासून या तारखेपर्यंत पाहुणे म्हणून राहणार, भाडं नाही, घरावर कसलाही हक्क नाही, आमच्या घरी तुम्ही, तुमच्या घरी आम्ही. दोन्हीकडच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स. पोलीस चौकीतही कळवून ठेवलं. बडोद्याच्या ताईंनीही त्यांच्याकडे हेच केलं. मला त्यात जरा अवघडल्यासारखं झालं होतं, पण त्याच फोनवर म्हणाल्या, ‘अहो, मलाही तुमची तेवढीच भीती वाटतेय.’ आम्ही दोघी हसलो आणि त्या दिवसापासून बोलणं मोकळं झालं.

मग स्वयंपाकघर. त्यांच्याकडे मासे-मटण चालतं, आमच्याकडे नाही. हा विषय पत्रात कसा लिहायचा याचा मी दोन दिवस विचार केला आणि शेवटी सरळ फोन केला. परसात पत्र्याच्या शेडमध्ये आमची जुनी शेगडी आणि वेगळी भांडी आहेत, तिथे काय हवं ते करा, आतल्या ओट्यावर नको. त्या म्हणाल्या, ‘आम्हाला तर बाहेर चुलीवर करायला मजाच येईल.’ असल्या गोष्टी गुळमुळीत ठेवल्या की पुढे कडवट होतात. माझं म्हणाल तर माझा ओट्याबद्दलही हट्ट नव्हता. पण घरात एकोणऐंशी वर्षांचं माणूस असताना माझं मत बाजूला ठेवायला मला जड गेलं नाही.

सासूबाईंची खरी अडचण वेगळीच निघाली. बारा दिवसांत तुळशीचं लग्न येत होतं! एकोणसाठ वर्षांत त्यांनी ते चुकवलं नव्हतं. बाळंतपणात नाही, सासरे आजारी असतानासुद्धा नाही. तारखा पुढेमागे होईनात, कारण बडोद्याकडच्या मुलांच्या शाळेला दिवाळीनंतर तेवढीच सुट्टी. चार दिवस घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही. पाचव्या दिवशी सासूबाईंनीच तोडगा काढला. ‘बाळकृष्ण मी बरोबर नेते. तिकडे त्यांची तुळस आहे ना गच्चीवर? तिथे लावू. इथलं त्या बाईला जमलं तर तिने लावावं.’ ‘पण मग इथे नवरदेव कोण?’ माझ्या लेकीने विचारलं. ‘शेजारच्यांचा घ्यावा,’ सासूबाई म्हणाल्या.

घर सोडून जायचं म्हणजे काय तयारी करावी लागते, ते आता सांगते. आवराआवर आणि साफसफाई दिवाळीत होतेच. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, कागदपत्रं आणि खाजगी सामान एका खोलीत घालून कुलूप. पण मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो घराची वही लिहायला. जुनं घर नव्या माणसाला कळत नाही. दिंडीतून शिरताना वाकायचं, नाहीतर कपाळमोक्ष. माडीच्या जिन्याची चौथी पायरी उंच आहे, रात्री दिवा लावल्याशिवाय चढू नका. नळाला पाणी सकाळीच येतं, तेव्हाच टाकी भरायची. अडसर लावताना डावीकडून सरकवायचा. न्हाणीघराचं दार पावसाळ्यात फुगतं, ते हिवाळ्यातही थोडं रुसलेलंच असतं, खालून पायाने ढकलायचं. केळी, लिंबं काहीही ओसरीवर उघडं ठेवू नका, माकडं घेऊन जातील. गॅसवाला, दूधवाला, डॉक्टर, वायरमन. लिहिता लिहिता बावीस पानं झाली.

ह्यांनी ती वही एका रात्री बसून वाचली आणि विचारलं, ‘पाण्याचा मुख्य कॉक आडाच्या मागे आहे? कधीपासून?’ पंचावन्न वर्षं ते याच वाड्यात राहताहेत. मी काही बोलले नाही. लेक मात्र अजून त्यावरून त्यांना चिडवते.

भाऊबीज आटोपली, दोन दिवसांनी आम्ही निघालो. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे. वाईहून एसटीने पुणे, तिथून रात्रीची रेल्वे. बाळकृष्ण स्टीलच्या डब्यात, डबा सासूबाईंच्या मांडीवर. तो त्यांनी बॅगेत ठेवू दिला नाही.

ताईंचं घर रावपुऱ्याजवळच्या एका गल्लीत. अरुंद, तीन मजली, दर्शनी भाग लाकडी, वर गच्ची. त्यांनीही आमच्यासाठी चार पानं लिहून ठेवली होती. फ्रिजमध्ये दूध, डब्यात खाखरे आणि ओट्यावर एक चिठ्ठी होती, ‘आजी, तुमच्या वेळचं काय काय राहिलंय ते फिरून आम्हालाही सांगा.’ मी चहा टाकला. साखरेचा डबा शोधावा लागला, पण कुणाला विचारावा लागला नाही. बाजूला उभी राहून ‘वहिनी, बसा हो’ म्हणणारं कुणी नव्हतं आणि मला कुणाचं काही लागतही नव्हतं. परगावच्या स्वयंपाकघरात अशी निवांत मी आयुष्यात पहिल्यांदा उभी होते. वरणभात केला की बास. संध्याकाळी खाली उतरून शेवउसळ खाल्ली, तर भांडीसुद्धा पडत नव्हती.

बडोद्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. लहानपणी सासूबाई तो बाहेरूनच पाहायच्या, आता तिकीट काढून आत गेल्या आणि दरबार हॉल पाहून म्हणाल्या, ‘एवढा मोठा झाडायला किती बायका लागत असतील!’ कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी काढलेली भित्तिचित्रं आहेत. सयाजीबागेत संग्रहालय आहे. सुरसागर तलावाच्या मधोमध आता शंकराचा उंच पुतळा आहे, तो त्यांच्या वेळी नव्हता. त्याच्याकडे त्या जरा परक्यासारख्याच पाहत होत्या. मला सगळ्यात आवडला तो तांबेकर वाडा. बडोद्याच्या एका मराठी दिवाणांचा हा वाडा, भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं. पुराणातल्या कथा आहेत, तशा त्या काळच्या माणसांच्याही आहेत. तो आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. लाकडी तुळया, कोनाडे, खुंट्या, सगळं आमच्यासारखंच. पण कोनाड्यात काही नाही आणि खुंटीवर टोपी नाही. सासूबाई खांबाला हात लावून बघत होत्या. रखवालदाराने नको म्हटल्यावर त्यांनी हात काढला आणि मला हळूच म्हणाल्या, ‘आपल्या खांबाला तेल लावायचं राहिलंय गं.’

माहेरच्या घराच्या जागी तीन मजली दुकानं झाली आहेत, हे आम्हाला आधीच माहीत होतं. तरी चौथ्या दिवशी त्यांनी जायचं ठरवलं. खाली मोबाईलचं दुकान. सासूबाई फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि दुकानातल्या मुलाला अस्खलित गुजरातीत सांगू लागल्या की तू बसलायस ना, तिथे आमची विहीर होती. साठ वर्षं वाईत काढूनही ती भाषा अशी धुतल्यासारखी निघाली, याचं मला फार नवल वाटलं. मुलगा घाबरून खुर्चीवरून उठला, मग हसला आणि तीच खुर्ची त्यांना बसायला दिली. त्या बसल्या. पंधरा मिनिटं गिऱ्हाइकं येत-जात होती आणि सासूबाई मध्ये बसून होत्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी मुलाकडून पाणी मागून घेतलं, पूर्ण तांब्याभर प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘चल, खंडेराव मार्केटात भाजी बघू.’

त्या दिवसापासून त्या एकट्या खाली जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी मी मागे मागे गेले, तर कोपऱ्यावर थांबून म्हणाल्या, ‘मला माझ्या गावात रस्ता कळत नाही का?’ दोन शाळेच्या मैत्रिणींचा पत्ता त्यांनीच काढला. एक गेलेली होती. दुसरी गच्चीवर तुळशीच्या लग्नाला आली, काठी टेकत तिन्ही जिने चढून. तेव्हा आमच्या बाळकृष्णाचं लग्न बडोद्याच्या तुळशीशी लागलं. त्याच संध्याकाळी वाईला आमच्या चौकात ताईंनी वृंदावनाला चुना लावून, ऊस बांधून, शेजारच्या काकूंचा बाळकृष्ण मागून आणून लग्न लावलं. आळीतल्या पंधरा-वीस बायका आल्या होत्या, आमच्या पश्चात! फोनवर दोन्हीकडची मंगलाष्टकं एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ ऐकू येत होता. ‘यंदा आपण वराकडचे,’ असं म्हणून सासूबाईंनी ताईंच्या घरातल्या पाटावर ऐसपैस बसून स्वतःला मानाचा नारळ देवविला.

मागे वाड्यात काय चाललं होतं ते आम्हाला परत आल्यावर हळूहळू कळलं. मुलं मेणवलीला जाऊन ती पोर्तुगीज घंटा पाहून आली, वसईच्या मोहिमेनंतर आलेली. पाचगणी-महाबळेश्वर झालं. ताईंचे सासरे मात्र कुठेच गेले नाहीत, सकाळी घाटावर आणि नंतर दिवसभर ओसरीवर. आळीतले निम्मे म्हातारे त्यांच्याशी गप्पा मारायला येत. आणि एक दिवस पुण्याचे आमचे धाकटे दीर ‘इकडे काम होतं’ म्हणून न कळवता आले. घराचं काय झालंय ते बघायलाच आले असणार, त्यांना मी पंचवीस वर्षं ओळखते. ताईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, चहा-पोहे केले आणि त्यांच्याच घराची माहिती त्यांनाच सांगितली. जिन्याची चौथी पायरी जपून, असंसुद्धा! मुलांना चौकात पाणी शिंपडून खेळताना पाहत ते दोन तास बसले होते म्हणे.

नुकसान झालं नाही असं नाही. लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी फुटली. ताईंनी ती लपवली नाही, तुकडे कागदात बांधून ठेवले होते आणि शेजारी बाजारातून आणलेली नवी बरणी. जुनी सासूबाईंच्या सासूबाईंची होती. त्यांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले. ‘बुडाशी तडा होताच,’ एवढंच म्हणाल्या. होता की नव्हता, मला खरंच माहीत नाही.

पण घराच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर ताईंनी जे लिहून ठेवलं होतं ते मला त्या बरणीपेक्षा मोलाचं वाटलं. माडीवरच्या तिसऱ्या खिडकीची बिजागरी सुटत आली आहे. न्हाणीघराजवळ एक कौल फुटून सूर्याची तिरीप येते, पावसाआधी बघा. आणि शेवटी, कोठीच्या खोलीत कणगीमागच्या तुळईला वाळवीची माती दिसली, औषध आम्ही मारलं नाही, तुमच्या माणसाला दाखवा. त्या कणगीमागे आम्ही कधी बघितलं असतं, देव जाणे. जुनं घर कुलूपबंद राहिलं की अशीच वाळवी लागते, धूर नाही, वारा नाही, झाडू फिरत नाही. आणि रोज तिथेच राहणाऱ्या आपल्या डोळ्यांना मुरलेल्या गोष्टी दिसेनाशा होतात. नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी दिसतात. सुताराने तुळई तपासली, दीड फूट भाग बदलावा लागला. आणखी दोन पावसाळे गेले असते तर माळाच खाली आला असता.

घर विकण्याचा विषय मिटलेला नाही. पण पुढच्या मे महिन्यात कौलं चाळायच्या वेळी धाकट्या दिरांनी त्यांच्या वाट्याचे पैसे न मागता पाठवले. याआधी दर वर्षी तीन फोन करावे लागत. ह्यांचं म्हणणं, मुलींच्या कॉलेजांची सोय झाल्यामुळे. मला ते पोहे आठवतात.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात आलं असेल तर आणखी थोडं. घर वाडाच हवा असं मुळीच नाही. दोन खोल्यांचा फ्लॅटसुद्धा चालतो, फक्त सोसायटीला आधी कळवा. घरं तोलामोलाची असावीत असंही नाही. आम्हाला मुंबईत समुद्राजवळ एक खोली मिळाली तर आम्ही चौकासकट वाडा देऊ. पहिल्या वेळी ओळखीतून आलेलं कुटुंबच घ्या आणि आधी निदान चार-पाच वेळा फोनवर बोला, बायका-बायकांनी बोला. पुरुष रस्ते आणि पार्किंग ठरवतात, मिक्सर चालतो का हे विचारत नाहीत. परदेशी माणसं राहणार असतील तर २४ तासांच्या आत फॉर्म भरून कळवावं लागतं, तो ऑनलाइन भरता येतो, त्यात हयगय नको. आणि पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे असतील तर ती गोष्टच वेगळी, त्यासाठी पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे. त्यात कमाई आहे, पण पाहुण्यांच्या नाश्त्याला तुम्हीच ओट्यापाशी असणार. अदलाबदलीत पाहुणे घरात येतात तेव्हा तुम्ही घरात नसता, हा केवढा मोठा फायदा आहे ते लिहून सांगता येत नाही.

आता विदर्भातल्या एका कुटुंबाची विचारणा आली आहे. त्यांचंही जुनं घर आहे, मागे संत्र्यांची बाग. सासूबाईंनी फोटो चष्मा लावून पाहिले. त्यांच्या दोन अटी आहेत. उन्हाळ्यात जायचं नाही आणि कोठीची खोली उघडीच ठेवायची, म्हणजे येणाऱ्या बाई कणगीमागे बघतील. मी वहीत तेविसावं पान लिहायला घेतलंय. बिजागरी नवी आहे, खिडकी आता सहज उघडते.